साखर कारखान्यांचं भंगार जालन्याला रेल्वेनं पाठवायचंय, रेक परवडेल का?

यार्डवाला, उद्यमबाग

नमस्कार. वडिलांपासून आमचं बेळगावात भंगाराचं यार्ड आहे. गाळप संपलं की चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या कारखान्यांत ओव्हरहॉलिंग चालतं. बॉयलर ट्यूबा, चेन, गंजलेले पत्रे असा माल तिथून येतो. शिवाय मच्छे-उद्यमबागच्या मशीनशॉपचं टर्निंग-बोरिंग, म्हणजे लोखंडाचा कीस. सगळं ट्रकनं कोगनोळीवरून जालन्याच्या पोलादाच्या भट्ट्यांना जातं. पावसाळ्यात गाड्या मिळत नाहीत, भाडं चढतं. थोरला भाऊ म्हणतोय, मिरज-पुणे-दौंड-मनमाड लाइन आहे, रेकच, म्हणजे अख्खी मालगाडीच लावूया. मला धीर होईना. कुणाला अनुभव आहे काय?

खानापूरकर

एका पोलाद कारखान्यात स्क्रॅपचे रेक लावण्यात माझी बावीस वर्षं गेली, म्हणून सांगतो. भाड्याचा दर नंतर बघा, आधी मालाची घनता काढा. जुन्या बॉक्सएन, म्हणजे वरून उघड्या वॅगनमध्ये जागा असते साधारण 56 घनमीटर आणि ती उचलते सुमारे 58 टन. म्हणजे एका घनमीटरला एक टन बसला तरच वॅगन वजनानं भरते. भाडं मात्र साधारणपणे वहनक्षमतेवर लागतं. स्क्रॅपला कमीत कमी किती वजन धरतात, ते गुड्स ऑफिसात आधीच विचारून घ्या.

माझ्या पहिल्या रेकला मी इथंच चुकलो. वॅगनी शिगोशीग भरलेल्या दिसत होत्या, काट्यावर एकेक 26 टन निघाली. बॉयलर ट्यूब आतून पोकळ, पत्रा वाकडा. आम्ही निम्मी हवाच पाठवली होती. तेव्हापासून ट्यूबा गॅसनं दोन-अडीच फुटांवर कापून चेपायच्या आणि पत्रा हायड्रॉलिक प्रेसमध्ये दाबून गठ्ठे करायचे, हा नियम केला.

दुसरं, रेक म्हणजे 58 वॅगनी, सव्वातीन हजार टनांच्या वर माल. तो जमेपर्यंत तुमचा पैसा यार्डात गंजत पडणार. इंडेंट, म्हणजे रेकची मागणी घातल्यावर तो कधी लागेल ते तुमच्या हातात नाही, पण लागला की घड्याळ सुरू. मोकळा वेळ संपला की डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड, दर वॅगनला, दर तासाला. मॅग्नेट क्रेन आणणार असाल तर गुड्सच्या लाइनवर विजेची तार आहे का, ते स्वतः जाऊन बघा. तारेखाली क्रेन चालवू देत नाहीत, आणि माणसांनी ट्यूबा भरायच्या म्हटलं तर रात्र पुरत नाही.

बोरिंग तर उघड्या वॅगनमध्ये घालूच नका. तेलकट, ओलं बोरिंग ढिगात आतून तापतं. आषाढात आमच्या एका ढिगातून वाफ निघत होती. हात जवळ नेला तर चटका बसला, फावड्यानं उकरलं तेव्हा आत लालसर गुठळ्या झालेल्या. ओला माल भट्टीत वितळलेल्या लोखंडाखाली गेला तर पाण्याची वाफ होऊन धातू वर उसळतो. समोर माणूस उभा असतो हो. बंद सिलिंडर आणि शॉकअॅब्सॉर्बरही त्यासाठीच निवडून बाजूला काढायचे.

फाउंड्रीवाला, मच्छे

बोरिंग जालन्याला कशाला? सीआय, म्हणजे बिडाचं बोरिंग कोरडं आणि स्वच्छ असलं तर इथल्याच इंडक्शन (विजेच्या) भट्ट्या घेतात. एमएस, म्हणजे साध्या पोलादाच्या टर्निंगमध्ये मिसळू नका म्हणजे झालं.

यार्डवाला, उद्यमबाग

खानापूरकर काका, आज सकाळीच मोजलं. ट्रकची बॉडी 20 फूट लांब, साडेसात रुंद, पाच उंच, म्हणजे जवळपास 21 घनमीटर. काट्यावर निव्वळ माल 9 टन. घनमीटरला 430 किलोच भरतोय! या हिशेबानं वॅगनमध्ये 24 टन बसणार. भावाला कागदावर मांडून दाखवलं, तो बराच वेळ कागदाकडं बघत बसला. यंदा ट्रकच चालू ठेवतो, त्यातही दाबलेला माल जास्त बसेल. प्रेस बघायला पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला जातोय. बोरिंगवर उद्यापासून पत्र्याचं शेड घालतो. काका, सेकंडहँड प्रेस घेताना सिलिंडरचं काय काय तपासायचं?

खानापूरकर

रॉडवर उभे ओरखडे आहेत का, नखानं चाचपून बघा. पूर्ण दाब देऊन दहा मिनिटं धरायला लावा, काटा खाली आला तर घेऊ नका. जायच्या आधी मला सांगा, मीही येतो.