मदत हवी आहे: फंक्शन परत देणाऱ्या फंक्शनला नाव काय द्यायचं?

मंडळी, जावास्क्रिप्टमधले मॅप, फिल्टर, रिड्यूस रोज वापरतो, सीशार्पमध्ये तेच सिलेक्ट, व्हेअर, ॲग्रिगेट होतात तेही कळतं, पण स्वतःचं हायर-ऑर्डर फंक्शन (म्हणजे दुसरं फंक्शन घेणारं किंवा परत देणारं फंक्शन) लिहिलं की नावावरून घोळ होतो. समजा एखादं फंक्शन घेऊन, फेल झालं तर पुन्हा चालवणारं नवीन फंक्शन परत द्यायचंय, त्याला नुसतं 'रिट्राय' म्हटलं तर वाचणाऱ्याला वाटतं कॉल केला की काम झालं, प्रत्यक्षात हातात फंक्शनच येतं आणि ते वेगळं कॉल करावं लागतं. मला 'विथरिट्राय' पटतं, टीममध्ये काहींना 'मेकरिट्राय' हवंय. आणि आत येणाऱ्या पॅरामीटरला 'एफएन' (फंक्शनचं छोटं रूप) पुरतं का, की 'प्रेडिकेट'सारखं (खरं/खोटं उत्तर देणारं फंक्शन) कामाप्रमाणे नाव द्यावं? मोठ्या कोडबेसमध्ये तुम्ही काय करता, कारणासकट सांगा ना प्लीज.