बायोडेटामधून जन्मतारीख काढू का? (वय 52, टूलरूम)

प्रेसटूल_भोसरी:
नमस्कार मंडळी. औंध आयटीआयमधून 1993 ला टूल अँड डाय मेकर (पत्रा कापायचे-वाकवायचे साचे बनवणारा) झालो. अ‍ॅप्रेंटिसशिप करून भोसरी एमआयडीसीत लागलो आणि तेव्हापासून टूलरूममध्येच आहे. शेवटच्या कंपनीत डाय ट्रायल, प्रेस टूलचा मेंटेनन्स, नवीन टूल लाइनवर बसवून देणं, सगळं माझ्याकडे होतं. मागच्या वर्षी त्यांनी प्लांट दुसऱ्या राज्यात हलवला. हिशेब व्यवस्थित मिळाला, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

त्रास पुढचा आहे. पोर्टलवर अर्ज टाकला की फोन येतो, कामाबद्दल चांगलं बोलणं होतं, मग प्रश्न येतो, "सर, पासिंग इयर?" 1993 म्हटलं की "कळवतो". नंतर कुणी कळवत नाही.

चाकणला एका ठिकाणी इंटरव्ह्यूपर्यंत गेलो. टेबलावर कस्टमरकडून रिजेक्ट होऊन आलेलं एक ब्रॅकेट पडलं होतं. सहज उचलून कडेवरून अंगठा फिरवला. एका बाजूला जाड बर (कापताना कडेला राहिलेली धारदार कोर), समोरची बाजू साफ. म्हणजे टूलचा कापणारा पंच मध्यावर नाही, क्लिअरन्स (पंच आणि डायमधली फट) एकीकडे सरकलाय. टूल जागेवर धरणारे गाइड पिलर आणि डॉवेल तपासा, असं मी म्हणालो. साहेबांनी पार्ट माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवला आणि विचारलं, "आमचा मॅनेजर 31 वर्षांचा आहे, त्याच्या हाताखाली जमेल का तुम्हाला?" मी हो म्हणालो आणि मनापासून म्हणालो. आधीचे माझे साहेबही माझ्याहून लहान होते, आमचं कधी वाजलं नाही. पण तिथूनही उत्तर आलं नाही.

मेहुणा म्हणतो, जन्मतारीख काढ, पासिंगचं वर्ष काढ, पहिली दहा-बारा वर्षं उडव. पण मी घडलो तो त्याच वर्षांत. फायलिंग, सरफेस ग्राइंडिंग, ब्लू लावून हाताने स्पॉटिंग (निळा रंग लावून दोन भाग कुठे टेकतात ते बघणं), सगळं तेव्हाचं. ते पुसायला हात धजत नाही. मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, घराचे हप्ते चालू आहेत. भरतीचं काम करणाऱ्यांनी स्पष्ट सांगावं, काढू की ठेवू?

चाकणची_एचआर:
काका, स्पष्टच सांगते. "35 च्या आतला बघा" हे आम्हाला कुणी लिहून देत नाही, तोंडी सांगतात. मग पोर्टलवर अनुभव "8 ते 12 वर्षे" असा फिल्टर लावला जातो, आणि तिथेच तुमचा बायोडेटा दिसेनासा होतो. वाचून कुणी नाकारलेला नसतो. कारणं म्हणाल तर पगार हे पहिलं. दुसरं, मॅनेजरला वाटतं की मोठा माणूस ऐकणार नाही. हे दुसरं बहुतेक वेळा निव्वळ भीतीपोटी असतं, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. माझ्या वडिलांना 54 व्या वर्षी हेच ऐकायला लागलं होतं.

जन्मतारीख खुशाल काढा, कामाशी तिचा संबंध नाही. तारखा मात्र बदलू नका. जॉइनिंगला आधार आणि यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) मागतात, तिथे सगळं दिसतं आणि मग माणूस खोटा ठरतो. शेवटची पंधरा वर्षं सविस्तर लिहा. पहिली वर्षं उडवू नका, त्यांना दोन ओळी द्या: स्पॉटिंग, ग्राइंडिंग, कुठल्या टनेजच्या प्रेसवर काम केलं. आणि सगळ्यात वर टूल लिहा. प्रोग्रेसिव्ह टूल (एकापाठोपाठ टप्प्यांत पार्ट बनवणारी) किती स्टेशनची, कुठल्या पार्टची, रिजेक्शन कशाने कमी झालं. पोर्टलपेक्षा थेट टूलरूमच्या प्रमुखाला फोन करा. तुम्ही काय बोलताय ते त्याला कळेल.

कामगारवकील_पिंपरी:
दादा, कायद्याचं विचाराल तर खाजगी नोकरीत वयावरून नाकारलं म्हणून दाद मागता येईल असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. घटनेचं कलम 16 सरकारी नोकरीपुरतं आहे आणि भेदभावाच्या ज्या कारणांना ते मनाई करतं, त्यांत वय नाही. उलट राज्य सरकारच्या भरतीतच खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 ही सर्वसाधारण मर्यादा आहे. अमेरिकेत 1967 पासून चाळिशीपुढच्यांना संरक्षण देणारा कायदा आहे. आपल्याकडे केंद्राने 2021 मध्ये 'सेक्रेड' हे नोकरीचं पोर्टल काढलं, पण ते साठीपुढच्यांसाठी. म्हणजे 45 ते 60 मधल्या माणसाचा कुणी विचारच केलेला नाही. यावर संघटनांनी बोलायला हवं, आणि आम्ही बोलतोय.

न विचारता एक सांगतो. पीएफ ऑफिसबाहेर एजंट गाठतील, "पन्नाशी झाली, पेन्शन सुरू करून देतो" म्हणतील. ईपीएसची (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची) पेन्शन 50 नंतर घेता येते हे खरं, पण 58 च्या आधीच्या प्रत्येक वर्षामागे 4 टक्के कापतात आणि ती कपात आयुष्यभर राहते. अगदी नड असल्याशिवाय सही करू नका. नवीन नोकरी लागली की जुनाच यूएएन द्या, सेवा जोडली जाते.

शॉप_सेक्टर10:
माझं भोसरीतच छोटं प्रेस शॉप आहे. व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) चालवणारी पोरं मिळतात आणि हुशार असतात. पण बर बघून टूलमध्ये काय बिघडलंय ते सांगणारा मिळत नाही. टूल मोठ्या टूलरूमला पाठवलं की आठवडा जातो आणि इकडे कस्टमरची लाइन थांबते. माझ्यासारखी पुष्कळ शॉप्स आहेत. तुमच्या आधीच्या पगारावर ठेवणं आम्हा एकेकट्याला झेपणार नाही, खोटं कशाला बोलू. पण तीन-चार शॉपनी मिळून महिन्याचे ठरावीक पैसे द्यायचे आणि तुम्ही वार वाटून घ्यायचे, हे जमण्यासारखं आहे. रेट मात्र पडून सांगू नका. वय जास्त म्हणून लोक भाव पाडायला बघतील, माझ्यासकट. तिथे ताठ राहा.

प्रेसटूल_भोसरी:
ताई, वकीलसाहेब, शेठ, तिघांचे आभार. एजंटने फॉर्म भरून ठेवलाच होता, आता सही करत नाही. बायोडेटा ताईंनी सांगितला तसा लिहायला घेतलाय, वर टूलची यादी, जन्मतारीख नाही. पहिल्या वर्षांच्या दोन ओळींच्या तीन झाल्यात, तेवढ्या राहू देतो.

शेठ, वार वाटून घेण्यात पीएफ आणि मेडिक्लेम राहत नाही, म्हणून नोकरीचा शोध चालूच ठेवणार. पण काम बघायला येतो. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, त्यामुळे शुक्रवारी सकाळी चालेल का? पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा. अडलेलं टूल आधी उघडू नका, प्रेसवर लागलेलं असतानाच बघायचंय. सोबत शेवटच्या लॉटचे दहा-बारा पार्ट काढून ठेवा.