बाकूचे 300 अब्ज डॉलर अपुरे का?

प्रश्न : सुनंदा, इंदूर

माझ्या महाविद्यालयात शिकणाऱ्या नातीने परवा जेवताना विचारले, "आजी, एकूण उत्सर्जनात भारत आता चीन आणि अमेरिकेपाठोपाठ तिसरा आहे, मग हवामान परिषदेत आपण अजूनही श्रीमंत देशांकडे पैसे का मागतो?" मी तिला 1992 च्या रिओ परिषदेतले 'सामायिक परंतु विभेदित जबाबदारी' (जबाबदारी सर्वांची, पण ज्याने अधिक प्रदूषण केले आणि ज्याची ऐपत अधिक, त्याने अधिक उचलायची) हे तत्त्व समजावले, पण तिला ती जुन्या कागदाआड लपण्याची युक्ती वाटली. नोव्हेंबर 2024 मध्ये अझरबैजानमधील बाकू येथील हवामान परिषदेत विकसनशील देशांसाठी 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज डॉलर उभारण्याचे ठरले आणि तो ठराव संमत झाल्याचे जाहीर होताच भारताने त्याला तीव्र आक्षेप घेतला. एवढी रक्कम अपुरी का, हे मला तिच्यापुढे मांडता आले नाही.

उत्तर : माधव, निवृत्त शिक्षक, इंदूर

सुनंदाताई, नातीचा आकडा बरोबर आहे, पण तो एका वर्षाचा आहे. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके वातावरणात राहतो, म्हणून आजवर कोणी किती साठवला हेही पाहावे लागते. त्या साठ्यात एकट्या अमेरिकेचा वाटा सुमारे एक चतुर्थांश आहे. आपले दरडोई उत्सर्जन वर्षाला सुमारे 2 टन, तर अमेरिकेचे त्याच्या सहापटीहून अधिक आहे. 1991 साली पर्यावरण अभ्यासक अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीसाठीचे उत्सर्जन यांत फरक केला होता, आणि माझ्या मते आपल्या भूमिकेचा पाया आजही तोच आहे.

उत्तर : श्रीकांत, इंदूर

माझी सारी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कामात गेली, म्हणून पैशाच्या बाजूने लिहितो. आपल्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून सुमारे 70 किलोमीटर अंतरावरून उपसून आणावे लागते आणि त्या विजेचा खर्च महापालिकेला फार जड जातो. म्हणून 2023 साली महापालिकेने 244 कोटी रुपयांचे हरित कर्जरोखे (पर्यावरणपूरक कामासाठी गुंतवणूकदारांकडून व्याजाने घेतलेले पैसे) काढून जलूदला 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प हाती घेतला. त्यावरचे व्याज 8.25 टक्के आहे, आणि ते परदेशी मदतीतून नव्हे, तर वाचलेल्या वीजबिलातून, म्हणजे शेवटी आपल्याच खिशातून फेडायचे आहे.

इथे निदान बिल तरी वाचते. पण पुराविरुद्धचा बांध किंवा उष्णतेच्या लाटेत मजुरांना सावली देणारी व्यवस्था यांतून उत्पन्न येत नाही, त्यामुळे अशा कामासाठी कर्ज देणे म्हणजे ज्याचे घर वाहून गेले त्यालाच सावकाराच्या दारी उभे करणे होय. 2022 साली श्रीमंत देशांनी दिलेल्या सार्वजनिक हवामान निधीपैकी दोन तृतीयांशांहून अधिक रक्कम कर्जरूपात होती. 2009 साली कोपनहेगनमध्ये कबूल केलेले वर्षाला 100 अब्ज डॉलर 2020 पर्यंत द्यायचे होते, ते श्रीमंत देशांच्याच हिशेबाप्रमाणे 2022 मध्ये प्रथम पूर्ण झाले. बाकूला विकसनशील देशांची मागणी 1,300 अब्जांची होती, आणि मान्य झालेल्या 300 अब्जांत विकास बँकांची कर्जे आणि खासगी गुंतवणूकही मोजली जाणार आहे. म्हणून नातीला सांगा की भांडण आकड्याइतकेच त्यातले अनुदान, म्हणजे परत न फेडायचे पैसे, किती, यावर आहे.

उत्तर : वासंती, वडोदरा

श्रीकांतरावांचे म्हणणे मला पटते, पण विकसनशील देश म्हणजे एकच आवाज नव्हे. तेल विकणारा सौदी अरेबिया आणि समुद्रात बुडू पाहणारी लहान बेटे एकाच गटात बसतात. पॅसिफिक महासागरातल्या वानुआटू या बेटराष्ट्राने 1991 सालीच वाढत्या समुद्रासाठी विमा मागितला होता, आणि हवामानाच्या आपत्तींचा फटका बसलेल्या देशांना मदत करणारा 'हानी व नुकसान' निधी मान्य व्हायला 2022 ची शर्म अल-शेख परिषद उजाडावी लागली. ग्लासगोच्या हवामान परिषदेत 2021 साली कोळशाचा वापर 'संपवणे' याऐवजी 'घटवणे' असा शब्द आपल्या आग्रहाने आला, तेव्हा याच बेटांनी उघड निराशा व्यक्त केली होती. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी आमच्या घरात शिरले, तेव्हापासून मला त्यांचे दुःख परके वाटत नाही. आपण त्यांच्या नावाने मागत असू, तर आधी त्यांच्या ताटात काय पडते ते पाहिले पाहिजे.

उत्तर : श्रीकांत, इंदूर

वासंतीताई, हे मान्य आहे. 2022 च्या पुरात पाकिस्तानचे सुमारे 30 अब्ज डॉलरचे नुकसान झाले, तर जगाच्या उत्सर्जनात त्या देशाचा वाटा एक टक्काही नाही. अशा देशांना अनुदान आधी मिळावे, आणि आपण आपल्या सौर प्रकल्पांसाठी स्वस्त कर्जाचा आग्रह धरावा, अशी मागणी भारताने स्वतःहून मांडली तर मला आनंद होईल.