दोन वर्षांत एक तृतीयांश सीग्रास गायब, की माझाच नकाशा चुकलाय?

नवखा_नकाशाकार

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एका खाडीच्या मुखाशी समुद्री गवत, म्हणजे सीग्रास आहे, त्याचा नकाशा हा माझा प्रबंध. सेंटिनेल-२ उपग्रहाची दोन चित्रं घेतली, दोन वर्षांच्या अंतरानं, महिना तोच. दोन्हींत ढग नाहीत. रँडम फॉरेस्ट (नमुने दाखवून शिकवलं की प्रत्येक पिक्सेल गवत की वाळू ते ठरवणारी संगणकाची पद्धत) चालवलं, अचूकता ९१ टक्के आली. आता अडचण अशी की दुसऱ्या चित्रात गवत जवळजवळ एक तृतीयांशानं कमी दिसतंय, आणि जे कमी झालंय ते सगळं खोल पाण्याकडच्या कडेला.

मार्गदर्शक खूश. म्हणाले, ‘अधिवासाचा ऱ्हास’ म्हणून निष्कर्ष लिहून टाक. पण ज्या काकांच्या होडीतून मी फिरलो ते म्हणतात, “गेलं कुठं गवत? परवाच जाळ्यात आलं होतं.” ट्रेनिंग पॉइंट, म्हणजे संगणकाला शिकवायला जागेवर घेतलेले नमुने, एकूण ६४, फोनच्या जीपीएसवर घेतलेले. कुणाचं ऐकू?

उडता_डोळा

काकांचं ऐक. बाकी सविस्तर कुणीतरी लिहीलच.

चिखलातली

लिहिते. तुम्ही ढग किती ते सांगितलंत, महिना सांगितलात, पाणी किती होतं ते सांगितलं नाहीत. माझा पहिला प्रश्न तोच.

सेंटिनेल-२ सूर्याच्या घड्याळावर चालतो, सकाळी साडेदहाच्या आसपास डोक्यावरून जातो, रोजचं ठरलेलं. भरती चालते चंद्राच्या घड्याळावर, ती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. दोन उपग्रह मिळून दर ५ दिवसांनी तुमच्या खाडीवर येतात, तोवर भरती चार तासांहून जास्त सरकलेली असते. म्हणजे एका चित्रात गवत उघडं पडलेलं आणि पुढच्याच चित्रात त्याच्यावर पुरुषभर पाणी, असं सहज होतं. महिना तोच असून काही उपयोग नाही.

यात आणखी एक मेख आहे, ती कळायला मला फार वर्षं लागली. एखाद्या ठिकाणी उधाणाची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी ओहोटी साधारण ठरावीक वेळेलाच लागते. समजा तुमच्याकडे ती पहाटे साडेचार आणि दुपारी साडेचारला लागते. मग साडेदहाला उधाणाच्या दिवशी कायम भरतीच असणार. तो उपग्रह दहा वर्षं फिरला तरी तिथला सर्वांत उघडा किनारा त्याला एकदाही दिसायचा नाही. उलट दुसऱ्या एखाद्या किनाऱ्यावर नशीब असं की साडेदहालाच तळ उघडा. तेव्हा भरतीचं कोष्टक काढा आणि दोन्ही चित्रांच्या मिनिटाला पाण्याची पातळी किती होती ते आधी लिहा.

पातळीनं एवढा फरक का पडतो? उजेड पाण्यातून तळापर्यंत जातो आणि तळावरून परत वर येतो, म्हणजे पाण्याचा टोल दोनदा भरतो. सेक्की तबकडी, म्हणजे नितळपणा मोजायला दोरीनं पाण्यात सोडायची चकती, साधारण १.७ मीटरवर दिसेनाशी होत असेल (१८६५ सालची युक्ती आहे, अजून तिच्याइतकं स्वस्त काही निघालं नाही) तर ढोबळमानानं दर मीटरला उजेड सुमारे एक तृतीयांशावर येतो. जाऊन-येऊन धरलं तर एक मीटर जादा पाण्यानं तळाचा संकेत जवळजवळ सातव्या हिश्शावर. लाल बँड तर त्याच्याही आधी गारद होतो. मग खोल कडेचं गवत संगणकाला ‘खोल पाणी’ वाटतं, आणि तुमच्या नकाशात नेमकी तीच कडा खाल्ली जाते.

हे पुस्तकातलं नाही सांगत. माझ्या पहिल्याच कामात मी असाच ऱ्हास शोधून काढला होता. लाल रंगात रंगवला, अहवाल गेला, कौतुक झालं. महिन्याभरानं पडताळणीला मोठ्या ओहोटीला उतरलो. नकाशाची छापील प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात, हातात जीपीएस. जीपीएस म्हणालं, तू लाल पट्ट्याच्या मधोमध आहेस. खाली बघितलं तर घोट्याला पानं गुंडाळलेली. सगळीकडे. ओली, तकतकीत, एका दिशेला विंचरल्यासारखी पडलेली. सोबतचा पोरगा काही बोलला नाही, हे त्याचे उपकार. अहवाल परत मागवायला मला तीन पत्रं लिहावी लागली.

तेव्हापासून माझ्या नकाशात तीन रंग असतात: गवत आहे, गवत नाही, आणि दिसलं नाही. तिसरा रंग देताना लोकांच्या जिवावर येतं, नकाशा अर्धवट वाटतो म्हणे. पण ‘दिसलं नाही’ला ‘नाही’ म्हटलं की पुढच्या वर्षी ऱ्हास किंवा वाढ आपोआप तयार होते, गवतानं काहीही न करता.

आता त्या ९१ टक्क्यांबद्दल. ६४ पॉइंटांतले ट्रेनिंगला किती आणि तपासणीला किती? एकाच ताटव्यातले शेजारशेजारचे पॉइंट दोन्हीकडे वाटले असतील तर ती अचूकता म्हणजे उत्तरपत्रिका बघून दिलेली परीक्षा. आणि ‘गवत नाही’ असे पॉइंट किती घेतलेत? नवीन माणसं गवत दिसलं की पॉइंट घेतात, उघड्या वाळूवर कुणी थांबत नाही.

नवखा_नकाशाकार

ताई, मला अरेतुरे करा, प्लीज. पॉइंट: ५१ गवताचे, १३ वाळूचे. सॉफ्टवेअरनं आपोआप ७०-३० वाटले. शेवाळाचा एकही नाही.

कोष्टक काढतो आज रात्री.

तळठाव

आमचा धंदा सोनारचा, म्हणून थोडी भर. पाणी कायमच गढूळ असेल तर उपग्रहाच्या मागे लागून काही हाती येत नाही. साइड-स्कॅन सोनार आवाजाच्या लाटांनी तळ बघतं, त्याला गढूळपणाचं सोयरसुतक नसतं. सीग्रासच्या पानांत हवेच्या पोकळ्या असतात, त्यामुळे आवाज झकास परततो. साध्या इको-साउंडरवरसुद्धा तळाच्या वर धुरकट झालर दिसते, तीच पानांची उंची.

पण दोन गोष्टी. जोराचा प्रवाह असताना पानं आडवी झोपतात आणि उंची निम्मी येते, तेव्हा भरती-ओहोटीच्या मधल्या थांबलेल्या पाण्यातच फेऱ्या मारा. दुसरं, मीटरभराच्या आत पाणी असेल तर होडी नेऊच नका. पंख्यानं तळ नांगरला जातो, मुळाखोडं तुटतात आणि ते चर वर्षानुवर्षं भरत नाहीत. नकाशा काढायला जाऊन अधिवास कापून आलेले लोक मी पाहिलेत.

उडता_डोळा

आता मीही नीट लिहितो. कड तपासायला ड्रोन उत्तम, पण ऊन डोक्यावर असताना उडवलास तर फोटोत पाणी नाही, आरसा येईल. सकाळी लवकर, सूर्य खाली असताना, वारा पडलेला, ओहोटी. हे चारही एकत्र महिन्यातून दोन-तीनदाच जमतं. नुसत्या पाण्याचे फोटो सॉफ्टवेअर जोडू शकत नाही, लाटा हलत असतात, त्याला धरायला काही मिळत नाही. म्हणून उघडा पडलेला किनारा चौकटीत ठेव, किंवा नांगरलेल्या बोयांवर खुणा लाव. आमची पहिली खाडी अशीच मधोमध भोक पडलेली आली होती.

चिखलातली

५१ आणि १३. वाटलंच होतं.

शेवाळाचा एकही पॉइंट नाही म्हणजे रँडम फॉरेस्टला शेवाळ नावाची चीज ठाऊकच नाही. त्याला काळपट काहीही दाखव, तो ‘गवत’ म्हणणार, आणि मोठ्या आत्मविश्वासानं म्हणणार. शिंपल्यांचे थर, काळा चिखल, शेवाळाची चटई, वाहून येऊन खळग्यात साठलेली मेलेली पानं, वरून सगळं एकाच रंगाचं. एकदा नकाशातला सगळ्यांत गर्द ताटवा म्हणून कौतुकानं बघायला गेलो, तर गुडघाभर कुजकी पानं निघाली. वास आठवडाभर बुटांत होता.

जागेवर ओळखायचं कसं? वरून बघून ठरवू नकोस. बोटं चिखलात घाल आणि पानाच्या बुडाशी जा. सीग्रास ही फुलं येणारी वनस्पती आहे, तिला आडवं सरपटणारं खोड असतं, पेरं असतात, पेराला मुळं फुटलेली असतात. बोटांना दोऱ्यासारखं काहीतरी चिखलातून पुढं जाताना लागतं, एक झुबका उचलला की शेजारचा हलतो. शेवाळाला यातलं काही नसतं, ओढलं की एखाद्या शिंपल्यासकट उपटून येतं. हॅलोफिलासारखी लहान जात असेल तर पानं जेमतेम नखाएवढी, लंबगोल, आणि अनेकदा गाळानं माखलेली. ती ड्रोनलाही दिसत नाही, उपग्रहाचं तर सोडच. तिथं गुडघ्यावर बसण्यावाचून इलाज नाही.

पॉइंट कसे घ्यायचे तेही ऐक. फोनचं जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे, सेंटिनेलचा पिक्सेल १० मीटरचा आणि तोही थोडा सरकलेला. ताटव्याच्या कडेवर उभं राहून घेतलेला पॉइंट वाळूच्या पिक्सेलात पडला तरी तुला कळणार नाही. चारही बाजूंना १५-२० मीटर एकसारखं असेल तिथंच पॉइंट घे. आच्छादन मोजायला ५० सेंटिमीटरची चौकट पुरते. ‘सीग्रास-वॉच’ हा सीग्रासवर नजर ठेवणारा उपक्रम १९९८पासून लोकांकडून हेच करून घेतोय: ५० मीटरच्या तीन रेघा, दर ५ मीटरला चौकट, म्हणजे एका जागी ३३ चौकटी. चौकट टाकताना गवत बघून टाकू नकोस. हात आपोआप हिरव्याकडे जातो, माझा अजूनही जातो.

आणि पिकाचा हंगाम असतो तसा गवताचाही असतो, जातीप्रमाणे वेगळा. भराच्या काळातलंच चित्र घ्यायचं. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरात १९८४पासून जवळजवळ दरवर्षी विमानातून फोटो काढून नकाशा होतो. तिथं ओहोटी, सूर्याचा कोन, वारा, पाण्याचा नितळपणा आणि गवताची वाढ एवढं सगळं जुळेपर्यंत विमान जमिनीवर ठेवतात. इतक्या वर्षांची मालिका त्या खोळंब्यामुळेच तुलनेला उभी राहते.

नवखा_नकाशाकार

कोष्टक बघितलं. पहिल्या चित्राच्या वेळी ओहोटीचा जवळजवळ तळ होता. दुसऱ्याच्या वेळी पाणी १.४ मीटर जास्त. वर दोन दिवस आधी पाऊस झालेला, म्हणजे पाणी गढूळही असणार.

ताई, मी चार महिने यावर काम केलंय. आता मार्गदर्शकांना काय सांगू? आणि ऱ्हास झालाच नाही असं तरी म्हणता येईल का?

चिखलातली

नाही, तेही म्हणता येणार नाही. गवत खरंच जातं, आणि झपाट्यानं जातं. २०१०-११च्या उष्ण लाटेत ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेमध्ये सुमारे हजार चौरस किलोमीटर गवताला फटका बसला. तुझ्या खाडीत गेलं की राहिलं, हे या दोन चित्रांवरून कळत नाही, एवढंच.

चार महिने पाण्यात गेले नाहीत. असं कर. तुझ्या दोन चित्रांच्या मधल्या सगळ्या तारखांची यादी काढ, प्रत्येकीपुढे पातळी लिही. पंधरा दिवसांनी भरतीचं चक्र जवळजवळ तिथंच येतं, म्हणजे एक बरं चित्र सापडलं की पुढचं तिसरं चित्र बघ, तेही कामाचं असण्याची शक्यता जास्त. पातळीत वीतभराचाच फरक असलेली आणि पावसाआधीची जोडी शोध. मग दोन्ही चित्रांत जिथवर तळ दिसतो तेवढाच भाग कापून घे आणि तुलना त्या भागापुरतीच कर. बाहेरचा सगळा तिसरा रंग.

क्षेत्रफळ पिक्सेल मोजून देऊ नकोस. समजा नकाशात गवत ५० हेक्टर आणि ‘नाही’ ५०० हेक्टर. गवताच्या १०० जागा तपासल्या, १५ ठिकाणी शेवाळ निघालं. ‘नाही’च्या १०० जागा तपासल्या, फक्त ५ ठिकाणी गवत निघालं. पाच म्हणजे किरकोळ वाटतं ना? पण ५००चे पाच टक्के २५ हेक्टर होतात. ५०तले खरे ४२.५, त्यात हे २५, झाले ६७.५ हेक्टर. नकाशा सांगतोय ५०. म्हणून तपासणीचे पॉइंट दोन्ही वर्गांत चिठ्ठ्या टाकून निवडायचे आणि आकडा दुरुस्त करून, त्याच्या कमी-जास्त मर्यादेसकट द्यायचा. मर्यादा इतकी रुंद आली की दोन वर्षं एकमेकांत मिसळली, तर ‘बदल सिद्ध होत नाही’ असं लिहायचं. मार्गदर्शकांना पातळीचे दोन आकडे एका ओळीत लिहून दाखव, वाद घालू नकोस. १.४ मीटर पुरेसं बोलतं.

तळठाव

खोल कडेसाठी दोन दिवस सोनार मिळालं तर बघ. तिसऱ्या रंगातला बराच भाग भरून निघेल.

नवखा_नकाशाकार

पुढच्या आठवड्यात मोठी ओहोटी आहे, जातो. काका यायला तयार आहेत. त्यांना जुना नकाशा दाखवू का, कुठं चुकलंय ते विचारायला?

चिखलातली

दाखवू नकोस. नकाशा बघितला की माणूस त्यातल्या रंगांप्रमाणे बोलायला लागतो, काकाही आणि तूही. कोऱ्या कागदावर नुसता किनारा काढून दे आणि जाळं कुठंकुठं अडकतं तिथं पेन्सिलनं रेघ मारायला सांग. पेन्सिलच ने, शाईचं पेन पाण्यात फुटतं.