मदत हवी आहे: १० बाय ४ फुटांच्या वाफ्यात गुलाब कोणते आणि कसे लावू?

नमस्कार मंडळी,

नाशिकला रो-हाऊसच्या पूर्वेकडच्या भिंतीलगत दक्षिणोत्तर १० फूट लांब, ४ फूट रुंद वाफा आहे. ऊन सकाळपासून साडेबारापर्यंत. दक्षिण टोकापलीकडे शेजाऱ्यांचा आंबा आहे, पण सध्या त्याची सावली येत नाही. माती काळी, पावसात पाणी तुंबतं.

ग्लॅडिएटर, पांढरा आइसबर्ग आणि एखादा पिवळा मनात आहे. सासूबाईंना वासाचा देशी गुलाब हवाच. देवाला वाहून उरेल त्याचा गुलकंद! नर्सरीवाले म्हणतात आठ-दहा रोपं सहज बसतील. बसतील हो, पण काट्यांत हात घालून तण कोण काढणार? किती लावू, आणि कुठलं कुठे?

प्रतिसाद १

मोठी चारच लावा. भिंतीपासून दीड फूट सोडून, दोन रोपांत अडीच फूट अंतर. दाटी झाली की वारा खेळत नाही आणि पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके ठरलेलेच. पिवळ्यावर तर बरेचदा जास्तच.

आंब्याकडे मात्र आत्ताच बघा. आपल्याकडे खरा बहर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर, थंडीत. तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि डिसेंबरात भर दुपारी झाडाची सावली जवळजवळ झाडाच्या उंचीएवढी उत्तरेकडे, म्हणजे थेट तुमच्या वाफ्यात पडते. म्हणून त्या टोकाला आइसबर्ग. थोडं कमी ऊन तो चालवून घेतो, काटेही कमी. ग्लॅडिएटर उंच जातो आणि त्याला ऊन हवं, तो उत्तर टोकाला. मध्ये पिवळा आणि देशी. पुढच्या कडेला हवे तर दोन-तीन बटण गुलाब, फूटभर अंतराने.

लागवड पाऊस ओसरल्यावर. वाफा वीतभर उंच करा, मातीत मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळा. कलमाचा डोळा, म्हणजे कलम जिथे खुंटाला (खालच्या रानटी गुलाबाला) जोडलंय तो सांधा, मातीच्या वर राहू द्या. त्याच्या खालून येणारे फुटवे खुंटाचे, दिसले की मुळापासून उपटायचे.

धागाकर्ती

आभार! देशीचंही कलमच घ्यायचं का?

प्रतिसाद १

छे, पैसे कशाला घालवता? कुणाच्या छाटणीतली पेन्सिलएवढ्या जाडीची काडी मागून आणा आणि सावलीत पिशवीत लावा. चार लावल्या तर एखाद-दुसरी धरतेच.