ग्राम्शी वाचताना अडकलोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. दोन महिने इटालियन मार्क्सवादी विचारवंत अंतोनिओ ग्राम्शीच्या तुरुंगातल्या वह्या वाचतोय, निवडक इंग्रजी भाषांतरातून. १९२६ मध्ये अटक झाल्यावर, १९२९ ते १९३५ या काळात लिहिलेल्या या वह्या. सगळी सुटी टिपणं, त्यामुळे धागा हाती लागतो आणि लगेच निसटतो.

खरी अडचण ‘हेजेमनी’ या त्याच्या संकल्पनेची; तिला मराठीत काय म्हणावं? ‘वर्चस्व’ म्हटलं की डोळ्यांसमोर दंडुका येतो, आणि ग्राम्शीचा भर तर लोकांच्या संमतीवर. ‘धुरीणत्व’ जवळचा वाटतो. पण एका टिपणात नागरी समाज (शाळा, चर्च, वृत्तपत्रं, संघटना वगैरे) राज्यापासून वेगळा, तर दुसऱ्यात तो राज्याचाच भाग! समासात पेन्सिलीने काढलेला तक्ता मी तीनदा खोडलाय. ही त्याची विसंगती, की माझं वाचन चुकतंय?

ज्यांनी नेटाने वाचलंय त्यांनी सांगा: वह्या क्रमाने घ्याव्यात की विषयवार? राजकीय विचारवंत मॅकियाव्हेलीवरच्या टिपणांआधी त्याचं ‘द प्रिन्स’ हे पुस्तक वाचायलाच हवं का?

सोडून द्यायचं अजिबात मनात नाही. सगळी माणसं बुद्धिजीवी असतात, पण समाजात ती भूमिका सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, हे वाचलं त्या रात्री झोप लागली नव्हती.