गर्दीतले एकवीस किलोमीटर : हाफ मॅरेथॉनचे अनुभव लिहा

आमची हाफ सुरू झाली तेव्हा स्टार्टला मागे वळून बघितलं की निम्मे चेहरे ओळखीचे असायचे. यंदा गन वाजली आणि मी जागच्या जागी उभी, पुढचे हलतच नव्हते, स्टार्टच्या वेळ नोंदणाऱ्या मॅटवर पाय पडायला सहा मिनिटं गेली. स्पर्धा वाढतेय याचा आनंद आहेच, पण या वाढीत आपल्या वाट्याला काय येतं ते लिहूया म्हटलं. पहिली असो, दहावी असो, अर्धवट सोडलेली असो, नुसतं पाणी वाटलं असेल तरी चालेल. "एन्जॉय करा" छाप सल्ले नकोत प्लीज.

—

ती सहा मिनिटं तुझ्या खात्यात धरत नाहीत गं, चिप टाईम बघ, म्हणजे स्टार्टच्या मॅटपासून फिनिशच्या मॅटपर्यंतचा. बक्षिसं मात्र बऱ्याच ठिकाणी गन टाईमवर, म्हणजे गन वाजल्यापासून मोजलेल्या वेळेवर ठरतात, म्हणून नंबर काढणाऱ्यांनीच पुढे घुसावं. चिपचा माझा किस्सा म्हणजे बिबच्या, म्हणजे छातीवरच्या नंबराच्या कागदाच्या मागे ती पातळ पट्टी असते ना, तीच चिप हे मला माहीतच नव्हतं, बिब फडफडतो म्हणून मस्त दुमडून पिना मारल्या. फोटो आहे, मेडल आहे, निकालात मी नाहीच!

—

दरवर्षी फिनिशनंतर तेच भांडण, माझ्या घड्याळात २१.४ आले, रूट चुकलाय. अरे बाबांनो, मी एकदा मोजणाऱ्यांबरोबर पहाटे गेलोय. सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर (चाकाचे फेरे मोजणारं यंत्र) लावतात, आधी स्टीलच्या टेपने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर तीच सायकल चालवून काउंटर जुळवून घेतात आणि मग जवळात जवळची वाट धरतात, वळणाला कडेपासून फक्त ३० सेंटिमीटर सोडून. शिवाय रूट कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे १ मीटर जादा, म्हणजे हाफला २१ मीटर मुद्दाम वाढवलेले. बाकीचं आपलंच कर्तृत्व, वळणं बाहेरून घ्यायची आणि गर्दीत लोकांना ओलांडत नागमोडी पळायचं. (२१.०९७५ हा विचित्र आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधल्या ४२.१९५ चा निम्मा, त्याबद्दल आयोजकांना बोलू नका.)

—

मी पळत नाही, गुडघे गेलेत. चार वर्षं बाराव्या किलोमीटरला पाणी वाटतेय. पहिल्या टेबलावर अशी झुंबड उडते की विचारू नका आणि शेवटच्या टेबलावर आम्ही हात पुढे करून नुसते उभे. पुढे या, पुढे पण पाणीच आहे! ग्लास आम्ही अर्धाच भरतो कारण भरलेला हातात देताना सगळं मनगटावर सांडतं, घेणाऱ्याने कड चिमटीत धरून चोच करावी म्हणजे नाकात जात नाही. यंदा एक मुलगा उभ्या उभ्या चार ग्लास प्यायला आणि पाचवा मागायला लागला, तोंड पांढरंफटक, मी देणारच होते. मेडिकल तंबूतल्या मॅडमनी हात धरला. तहान नसताना नुसतं पाणी ढोसलं की रक्तातलं सोडियम उतरतं, मळमळ, डोकेदुखी, गोंधळ, आणि आपल्याला वाटतं पाणी कमी पडलंय. मला हे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि एक राग आहे तो पण लिहिते. नोंदणी वाढवली, ग्लास मोजून तेवढेच. शेवटच्या शे-दोनशे लोकांना आम्ही जगमधून ओंजळीत पाणी ओतलं.

—

पहिली हाफ. अडीच तासांचा पेसर (झेंडा घेऊन ठरलेल्या वेळेत पळणारा) पकडला होता, किलोमीटरला साधारण ७:०६. पाच किलोमीटरला वाटलं हा फारच हळू जातोय, सोडला त्याला आणि सुसाट सुटलो, लोक टाळ्या वाजवतायत, आपण हिरो. सतराव्याला पोटऱ्या दगड झाल्या, फुटपाथला पाय लावून ताणत होतो तेव्हा शेजारून तोच झेंडा गेला, त्याच वेगाने, पेसर मागच्यांना विनोद सांगत होता. मला बघून म्हणाला, "चला दादा, जागा आहे." कसली जागा, पाय उचलत नव्हता.

—

मी शेवटून तिसरी. मागे अ‍ॅम्ब्युलन्स आणि रस्त्यावरचे प्लास्टिकचे कोन उचलणारा टेम्पो, दोन्ही माझ्याच वेगाने. अठराव्याला रस्ता गाड्यांना सोडला होता, मग फुटपाथवरून. ओंजळीतलं पाणी प्यायलेल्यांत मीही होते ताई, थँक्यू. फिनिशला पोचले तर कमान उतरवत होते आणि एक मुलगा मॅट गुंडाळत होता. मला बघून म्हणाला, थांबा मावशी, आणि परत अंथरली, वायर जोडली. बीप वाजलं तेव्हा त्यानेच टाळ्या वाजवल्या. मेडलं संपली होती, घरी पाठवतो म्हणालेत. अजून आलेलं नाही.